‘माल पिल्ला’ या नावाला कात्री लागली नव्हती

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

विषय : पडद्यावरून जातींची नावं काढून टाकण्याबाबत

महोदय, महोदया,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आमचं घर पद्मशाली विणकरांचं. मूळ तेलंगणातलं, पण दोन पिढ्यांपूर्वी मागांच्या मागे मागे इथे आलेलं. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढून खुर्चीत बसण्याइतकाच. तेव्हा हे पत्र जाणकाराचं नाही, प्रेक्षकाचं आहे असं समजून वाचा. ‘फुले’ चित्रपटातून तुम्ही ‘महार’, ‘मांग’ हे शब्द काढायला लावलेत, त्याला विरोध म्हणून ते लिहिते आहे.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पानावर पत्र्याचा साचा ठेवायची, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू भरून दोऱ्याचे दोन वेढे द्यायची. हात थांबायचे नाहीत आणि तोंडही. आम्ही नातवंडं केस पिंजारून, धुळीने माखून दारात उभी राहिलो की तिचा एक ठरलेला शब्द होता : ‘मालपिल्ला’. मला कित्येक वर्षं वाटायचं, मालपिल्ला म्हणजे घाणेरडी मुलगी. मराठी शाळेत जाणाऱ्या पोरीला पिल्ला म्हटलं की कोंबडीचं पिल्लू आठवणार आणि माल म्हटलं की ट्रकमधला माल. अर्थ कळला तो फार उशिरा. तेलुगूत पिल्ला म्हणजे मुलगी आणि माल ही जात. आपल्याकडे महार-मांग ही जोडी जशी एका दमात उच्चारली जाते, तशी तिकडे माल-मादिग. अव्वाने आयुष्यात कुणा माणसाचं वाकडं केलं नाही, पण एका अख्ख्या जातीच्या मुलींचं नाव तिच्या तोंडी शिवी होऊन बसलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

हा शब्द १९३८ साली एका तेलुगू बोलपटाच्या जाहिरातीवर नाव म्हणून छापला गेला, हे कळलं तेव्हा मी खरंच दचकले. शिवी म्हणून ज्याची सवय होती, ते शीर्षक?

सिनेमा २५ सप्टेंबर १९३८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गूडवल्ली रामब्रह्मम. कृष्णा जिल्ह्यातला हा माणूस सिनेमात येण्याआधी ‘प्रजामित्र’ नावाचं पत्र चालवत होता, म्हणजे मुळात लेखणीचा माणूस. कथा गुडिपाटी वेंकटचलम यांची. तेलुगू वाचकांत ते नुसत्या ‘चलम’ या नावानेच ओळखले जातात. बाईच्या स्वातंत्र्याबद्दल त्यांनी असं काही लिहिलं होतं, की सभ्य घरांत त्यांची पुस्तकं उशीखाली दडवून वाचली जात. संवाद तापी धर्माराव यांचे. नायिका कांचनमाला, त्या काळची सगळ्यांत देखणी तारका. आणि पैसा मद्रासच्या सारथी फिल्म्सचा, म्हणजे पर्यायाने चल्लपल्लीच्या राजांचा. एका जमीनदाराच्या पैशातून अस्पृश्यतेवर चित्रपट निघाला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

गोष्ट थोडक्यात अशी. कल्याणपुरम नावाचं गाव. सुंदरराम शास्त्री हे देवळाची सूत्रं हातात असलेले सनातनी ब्राह्मण. ही भूमिका गोविंदराजुल सुब्बाराव यांनी केली. गावातल्या हरिजनांना देवळाचं दार बंद. चौधरय्या नावाचा गांधीवादी पुढारी त्यांच्या बाजूने उभा राहतो. इकडे शास्त्रींचा मुलगा नागराजू माल वस्तीतल्या संपालतेच्या प्रेमात पडतो आणि दोघं कलकत्त्याला पळून जातात. शेवटी घराला आग लागते, एक माल तरुण शास्त्रींच्या बायकोला आगीतून बाहेर काढतो, शास्त्रींचं मन पालटतं, देऊळ उघडतं, लग्नाला आशीर्वाद मिळतो.

आज हा शेवट वाचताना मला राग येतो, हेही सांगून टाकते. देवळाच्या पायरीवर पाय ठेवण्यासाठी त्या तरुणाने आधी जळत्या घरात शिरायचं! शास्त्रींना काही सिद्ध करावं लागलं नाही, नुसतं विरघळावं लागलं. लायकीची परीक्षा दिली ती त्याने. आणि सगळ्याचा पुढारी चौधरय्या. माल माणसाच्या तोंडून मालांचा लढा पुढे नेणारा पुढारी त्या गोष्टीत नाही. शिवाय उशीरही झालेला. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला होता. पाच वर्षं दार ठोठावून ते उघडेना, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. पडद्यावर कल्याणपुरमचं देऊळ उघडलं, तेव्हा नाशिकची माणसं त्या दाराकडे पाठ फिरवून तीन वर्षं झाली होती.

तरीही मी या सिनेमाच्या बाजूने तुम्हाला लिहिते आहे, आणि ते फक्त त्याच्या नावासाठी.

रामब्रह्मम यांना ‘हरिजन कन्या’ म्हणता आलं असतं. गांधीजींचा शब्द तयार होता, मद्रास इलाख्यात १९३७पासून राजाजींचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, कुणी बोटही लावलं नसतं. मुंबईत बॉम्बे टॉकीजने दोनच वर्षांपूर्वी ‘अछूत कन्या’ हे नाव चालवून दाखवलं होतं. ‘अछूत’ म्हटलं की ती कुठली, कुठल्या वस्तीतली, हे सांगावं लागत नाही. ‘माल पिल्ला’ म्हटलं की सुटका नाही. बेझवाड्यात (आजचं विजयवाडा), गुंटूरला, राजमहेंद्रीत तिकिटाच्या खिडकीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला, मग तो रेड्डी असो, कम्मा असो, ब्राह्मण असो, तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला असणार. अव्वा जो शब्द दारातल्या पोरीकडे भिरकावायची, तो चार-दोन आणे मोजून मागावा लागला असणार. मला हे दृश्य त्या सिनेमातल्या आगीपेक्षा जास्त मोठं वाटतं.

त्या नावाच्या मागे एक परंपराही होती. उन्नव लक्ष्मीनारायण यांनी तुरुंगात बसून ‘मालपल्ली’ ही कादंबरी लिहिली, ती १९२२ सालची. मालपल्ली म्हणजे मालवाडा, आपल्याकडच्या महारवाड्यासारखं. मद्रास सरकारने तिच्यावर बंदी घातली. इंग्रजांचं राज्य फार उदार होतं असं मी म्हणते आहे, असा समज होऊ नये म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आणि मालांनी स्वतःचं नाव स्वतः ठरवण्याचा उद्योगही त्याआधीच केला होता. १९१७ साली बेझवाड्यात ‘पंचमां’ची, म्हणजे चार वर्णांबाहेरच्या पाचव्यांची, म्हणून परिषद भरायची होती. हैदराबादहून आलेले भाग्यरेड्डी वर्मा अध्यक्ष होते. पंचम हे नाव आम्हाला नको, आम्ही या भूमीचे मूळचे, आम्ही आदि-आंध्र, असं म्हणून परिषदेचं नावच बदललं गेलं. नाव बदलणं आणि नाव पुसणं यांत हा फरक आहे. बदलणारे ते स्वतः होते.

१९४१ साली तेलुगू कवी गुर्रम जाषुवा यांचं ‘गब्बिलम’ हे काव्य आलं. गब्बिलम म्हणजे वटवाघूळ. कालिदासाच्या यक्षाला ढग मिळाला, जाषुवांच्या अस्पृश्य नायकाला वटवाघूळ मिळालं, कारण देवळाच्या आत जाऊन देवाच्या कानाशी लटकायची मुभा त्यालाच होती. ज्याला देऊळ बंद, त्याचं गाऱ्हाणं काशीच्या शंकरापर्यंत नेणारं तेच. मराठीत शिकवताना मी मेघदूताचा उल्लेख आला की हे हटकून सांगायचे. अभ्यासक्रमात नव्हतं. पण सोलापुरात तेलुगू पोरं वर्गात असताना नाही सांगायचं तर कुठे?

आता चल्लपल्लीच्या राजांकडे वळते. ‘माल पिल्ला’ नंतर वर्षभरात त्याच रामब्रह्मम यांनी, त्याच सारथी फिल्म्ससाठी ‘रैतु बिड्डा’ काढला. शेतकऱ्याचं पोर. बळ्ळारी राघव यांच्यासारखा रंगभूमीवरचा मातब्बर नट त्यात होता. विषय जमीनदारी आणि तिच्याखाली पिचणारे रयत. या वेळी देऊळ नव्हतं, जमीन होती. बोब्बिली आणि वेंकटगिरीची जमीनदार मंडळी खवळली, आणि ब्रिटिश सरकारने चित्रपटावर बंदी घातली. एका जमीनदाराच्या पैशाने निघालेला चित्रपट दुसऱ्या जमीनदारांनी पाडला. मला तरी यातून एवढं दिसतं, की ब्राह्मण घराचं मन पालटलेलं लोकांना पडद्यावर पाहवत होतं, सातबारा पालटलेला पाहवत नव्हता.

आपल्या मुंबई इलाख्यातली गोष्टही सांगते. प्रभातने १९३५ साली एकनाथांवर चित्रपट काढला. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, एकनाथ झाले होते बालगंधर्व. ज्यांच्याबरोबर बसायचं नाही त्यांच्या घरी जेवणारा पैठणचा ब्राह्मण, असा विषय. नाव ठेवलं होतं ‘महात्मा’. सेन्सॉरला त्यात येरवड्याचा महात्मा दिसला. शेवटी तो ‘धर्मात्मा’ म्हणून लोकांसमोर आला. तुमच्या आधीच्या पिढीतल्या या कारभाराची आज चेष्टा होते. नाव बदललं म्हणून प्रेक्षकाला गांधी दिसायचे थोडेच थांबले!

म्हणजे गोऱ्या साहेबाच्या काळात एका इलाख्यात ‘महात्मा’ चाललं नाही आणि तीन वर्षांनी दुसऱ्या इलाख्यात ‘माल पिल्ला’ चाललं. मधल्या काळात मंत्रिमंडळ बदललं होतं. सेन्सॉरची कात्री कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे तेव्हाही खरं होतं. म्हणूनच, आज ती ज्यांच्या हातात आहे त्या तुम्हाला हे लिहिते आहे.

एप्रिल २०२५मध्ये ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ तारखेला, जोतीरावांच्या जयंतीला, येणार होता. तो २५ तारखेला आला. मध्ये काय काय झालं ते वर्तमानपत्रांत सविस्तर आलं आहे. जातिव्यवस्थेबद्दलचं निवेदन काढा. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा. ‘तीन हजार साल पुरानी’ गुलामी म्हणू नका, ‘कई साल पुरानी’ म्हणा. तीन हजार हा आकडा बरोबर की चूक, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. पण ‘कई साल’ या शब्दात मुंबई-पुणे रस्त्याचं कामही बसतं.

माझा खरा अडसर आहे तो महार आणि मांग या दोन शब्दांपाशी. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. मांगाची मुलगी. चौदा वर्षांची असताना तिने एक निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या निबंधाचं नाव : ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू कसा करत, इमारतींच्या पायांत तेलशेंदूर पाजून माणसं कशी पुरत, हे त्या पोरीने लिहून ठेवलं आहे. आज अमुक अमुक शब्द पडद्यावर नकोत असं तुम्ही म्हणता, तेव्हा फुल्यांवरच्या चित्रपटात फुल्यांच्याच विद्यार्थिनीच्या निबंधाचं शीर्षक कसं उच्चारायचं, हे जरा सांगाल का?

हा निबंध मी अनेकदा वर्गात वाचून घेतला. एका वर्षी एका मुलीला उभी केली. ती शीर्षकाशी अडली. पुस्तकात बोट ठेवून माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, ‘बाई, हे मोठ्यानं वाचू?’ ती कुठल्या घरची होती हे मला ठाऊक होतं. क्षणभर माझीच जीभ अडखळली. मग म्हटलं, वाच, मोठ्यानं वाच, तुझ्यासारख्याच एका मुलीनं लिहिलंय. तिने पहिली ओळ दबक्या आवाजात वाचली, दुसरी जरा वर, आणि गुलटेकडीपर्यंत आली तेव्हा मागच्या बाकावरची गडबड बंद झाली होती. मी तिला ‘तो शब्द सोडून पुढचं वाच’ म्हटलं असतं, तर त्या पोरीला काय कळलं असतं? की तिच्या नावातच काहीतरी लपवण्यासारखं आहे. अव्वाने मला नेमकं हेच शिकवलं होतं, तेही काही न सांगता.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे. मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे, की कुठल्याही समूहाला तुच्छ लेखणारे शब्द वा दृश्यं नकोत. बरोबरच आहे. जातिवाचक शिवी हा कायद्याने गुन्हा आहे, तोही व्हायलाच हवा. पण शिवी देणाऱ्याने वापरलेला शब्द आणि शिवी खाणाऱ्याने साक्ष देताना उच्चारलेला शब्द एकच असला तरी त्यांची जागा एक नाही. कोर्टात फिर्यादीला विचारतात, काय म्हणाला तो? फिर्यादी तिथे ‘काहीतरी म्हणाला’ असं सांगून चालत नाही. ‘धडक २’मध्ये जातिवाचक शब्दांच्या जागी ‘जंगली’ घातल्याचं वाचलं. ज्याला जंगली म्हटलं त्याला देऊळ, विहीर, स्मशान बंद होत नाही हो. ते बंद करणारा शब्द वेगळा आहे, आणि प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला तो पाठ आहे.

आणि नेमक्या भावना दुखावतात तरी कुणाच्या? ‘महार’ हा शब्द ऐकून महारांनी तुमच्याकडे धाव घेतली होती का? ‘फुले’च्या बाबतीत आक्षेप घेऊन पुढे आल्या त्या ब्राह्मण संघटना. आक्षेप घेण्याचा त्यांना हक्क आहे. पण त्या आक्षेपापोटी जर जोतीराव-सावित्रीबाई ज्यांच्यासाठी झिजले त्यांचीच नावं पुसली जाणार असतील, तर हिशेब कुठेतरी चुकतो आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब एकदा मांडून दिला आहे. १९८९ साली. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा तमिळ चित्रपट जातीवर आधारित राखीव जागांवर टीका करणारा होता. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचं प्रमाणपत्र रद्द केलं. रंगराजन विरुद्ध जगजीवन राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिलं आणि सांगितलं, की मोर्चे निघतील, निदर्शनं होतील या धाकाने अभिव्यक्ती दडपता येणार नाही. राखीव जागांवर टीका करणाऱ्या चित्रपटाला जी ढाल मिळाली, ती मुक्ता साळवेच्या शब्दांना का मिळू नये? पूर्वी तुमच्या निर्णयाविरुद्ध अपील करायला न्यायाधिकरण होतं, तेही २०२१ साली बरखास्त झालं. लहान निर्मात्याने आता उच्च न्यायालयात जायचं, वकील लावायचा, प्रदर्शनाची तारीख हातची घालवायची. तो काय करतो? ‘महार’च्या जागी दुसरा शब्द घालतो आणि मोकळा होतो. तुमच्या नोंदीत ते ‘स्वेच्छेने केलेले बदल’ म्हणून जात असेल तर मला नवल वाटणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. जातीचं नाव काढायला सांगाल त्या प्रत्येक वेळी त्या ओळीसमोर दोन गोष्टी लिहा : हा शब्द चित्रपटात कोण कुणाला उद्देशून उच्चारतं, आणि तो राहिला तर नेमकं कुणाचं नुकसान होतं. मोघम ‘समाजात तेढ’ नको. आणि परीक्षण समितीत मराठी, तेलुगू, तमिळ चित्रपट पाहायला बसवताना त्या त्या भाषेतल्या दलित साहित्याचं दोन-चार पुस्तकांचं तरी वाचन असलेला एक सदस्य असू द्या. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’चं नाव कैकाडी बोलीतलं, अर्थ डुक्कर. गावाने हीन ठरवलेल्या जनावराचं नाव थेट पोस्टरवर मिरवणारा तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. असे शब्द कुठून येतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कात्री उचलायच्या आधी निदान प्रश्न तरी पडेल.

अव्वा गेली तेव्हा मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात एकदा तिला ‘माल पिल्ला’ सिनेमाबद्दल सांगितलं. कांचनमाला तिला माहीत होती, कॅलेंडरवरची. ‘ती?’ अव्वा म्हणाली. ‘ती मालपिल्ला झाली होती?’ मग बराच वेळ गप्प. हाताची बोटं चादरीवर विडी वळल्यासारखी आपोआप हलत होती. तो शब्द पुन्हा कुणाला तिने वापरलेला मी ऐकला नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर